हौद भरलेला आहे, पण उंटाला पाणी मिळते का?

तपासणी अहवालात ‘पाण्याची सोय : समाधानकारक’ असा शेरा असूनही तुमची एक उंटीण खंगत चालली आहे, हे वाचून आमचे जुने प्रकरण आठवले. तक्रारीनंतर आमच्याकडे आलेल्या एका कार्यालयाच्या माणसांनी (नाव घेत नाही) फाटकापाशी उभे राहून भरलेला हौद पाहिला, रकान्यात खूण केली आणि ते निघून गेले. बांधलेल्या उंटिणींचे दोर हौदापर्यंत पुरत नव्हते आणि मोकळे असलेले दुबळे जनावर जवळ गेले की माजावर आलेला नर त्याला हुसकावून लावत होता, याचा कागदावर उल्लेखही नव्हता. पुढची प्रत्येक तक्रार त्याच कागदाच्या आधारे निकालात काढण्यात आली.

म्हणून माझे मत असे, पटले नाही तर सोडून द्या, की काय पुरवले आहे हे पाहण्याआधी जनावरापर्यंत काय पोहोचते ते तपासावे. स्वच्छ पाण्याची बादली एकेका उंटापुढे ठेवा आणि तो किती वेळात तोंड घालतो व किती पितो, याची घड्याळ लावून नोंद करा. फार तहानलेला उंट काही मिनिटांत शंभर लिटरच्या आसपास पाणी पिऊ शकतो, त्यामुळे एका बादलीवर थांबू नका. शक्य असल्यास पशुवैद्याकडून पहाटे आणि दुपारनंतर असे दोनदा तापमान घ्या. पुरेसे पाणी पिणाऱ्या उंटात हा फरक साधारण २ अंश सेल्सिअसचा असतो. पाण्यावाचून उन्हात राहिलेल्या उंटाचे तापमान मात्र पहाटे ३४ पर्यंत उतरून दुपारी ४० च्या वर चढू शकते. एकदाच तापमापक लावून ‘प्रकृती उत्तम’ असे लिहिणाऱ्यांना काय म्हणावे!

वशिंडात चरबी असते, पाणी नव्हे, हे तुम्हाला ठाऊक असेलच. ते कलंडले म्हणजे साठा आटत आला, पण केवळ त्यावरून ठरवू नका. बरगड्या, कमरेची हाडे आणि शेपटीखालचा खोलगटपणा हाताने चाचपून पाहा, कारण दाट केसांखाली पुष्कळ काही लपते. नाकातील खुंटी हलक्या हाताने सरकवून तिच्याखाली पू आहे का आणि पायबंदाखालचे केस गेले आहेत का, हेही पाहावे. माजावर आलेला नर कमी खातो आणि टाळूचा मऊ भाग फुग्यासारखा तोंडाबाहेर काढतो, तो आजार नव्हे.

मी पशुवैद्य नाही. पाणी आणि चारा खरोखर पोहोचत असूनही ती खंगत असेल, तर ‘सर्रा’साठी तिचे रक्त तपासून घ्या, चावणाऱ्या माश्यांमार्फत पसरणारा हा आजार नुसत्या नजरेने ओळखू येत नाही. पुढच्या तपासणीच्या वेळी बादलीची नोंद अधिकाऱ्यांसमोरच करा, दोराची लांबी आणि हौदापर्यंतचे अंतर मोजून लिहा आणि त्या कागदावर त्यांची सही मागा. त्यांनी नकार दिला, तर तो नकारही तारखेसह लिहून ठेवा.