केमो संपलेल्या आईने व्यायाम करावा का?

तुमच्या आईचं स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन, केमो, रेडिएशन सगळं उरकलंय. थकवा जात नाही, घरचे पडून राहा म्हणतात, आणि तुम्ही विचारताय व्यायाम चालेल का, किती.

चालतंय की. आधी घरच्यांना गप्प करा.

आमच्या बेळगावच्या शहापुरात बाई आजारातून उठली की तिला परत झोपवायला अख्खी गल्ली येते. माझंही स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, काखेतल्या गाठी काढल्या. त्यानं हात सुजू शकतो म्हणून वन्संनी उजवा हात कायमचा रिटायरच करून टाकला. नळाला पाणी आलं की घागरी ह्यांनी भरायच्या, कणीक जाऊबाईंनी मळायची, आणि मी कॉटवर बसून कुंदा खायचा. का, तर ताकद यायला पाहिजे! ताकद कसली येतेय, नुसतं वजन वाढलं. गच्चीवरचे कपडे काढायला गेले तर अर्ध्या जिन्यात धाप.

फिजिओथेरपीच्या बाईंनी आधी भिंतीवर बोटं चढवायला लावली, मग हातात पाण्याची अर्धा लिटरची बाटली दिली, मग डंबेल. लगेच वन्सं, "हात सुजला तर कोण बघणार?" जड उचलू नका असं पूर्वी डॉक्टरही सांगायचे, खरंय. पण २००९ साली अमेरिकेतला एक अभ्यास छापून आला. त्यात हात आधीच सुजलेल्या बायकांनी वर्षभर, हळूहळू वाढवत, वजनं उचलली. सूज वाढली नाही, उलट त्रास कमी झाला. हे मी वन्संना वाचून दाखवलं. त्या देवपूजेला उठून गेल्या.

आठवड्यातून तीनदा अर्धा तास चालणं, बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही इतक्या वेगाने, आणि दोनदा वजनं. एवढ्यानं थकवा खरंच उतरतो. आई पाच मिनिटांपासून सुरू करू देत. मी सकाळी इथल्या व्हॅक्सिन डेपोच्या आवारात जाते, तिथं झाडं आहेत, गाड्यांचा त्रास नाही.

हां, आजार हाडात गेला असेल, प्लेटलेट कमी असतील, ताप असेल, केमोनं पाय बधिर झाले असतील किंवा हात नव्यानं सुजला असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. गोळ्या चालू असतील तर त्या बंद करायच्या नाहीत.

आणि "तुझ्या भल्यासाठीच सांगतोय" म्हणणाऱ्यांना म्हणावं, चला मग सोबत फिरायला. आमच्या वन्संना शुगर आहे, जवळच्या तिसऱ्या रेल्वे गेटपर्यंतसुद्धा रिक्षा लागते.