कार्ड हाय, मग पेन्शन कुठंय?

प्रश्न : ताई, मी वडवणी तालुक्यातली, वय २९. दिवाळीच्या सुमारास आम्ही दोघं कोयत्यावर, म्हणजे ऊसतोडीला जातो. मोळ्या मी बांधते, गाडीही भरू लागते. उचल, म्हणजे मुकादमाकडून मिळणारी आगाऊ रक्कम, मात्र ह्यांच्याच नावावर. ई-श्रम कार्ड काढलंय. मुकादम म्हणतो, आता पेन्शन बसली. खरं का?

उत्तर : नाही गं. ई-श्रम ही असंघटित कामगारांची नुसती नोंदणी, तीही फुकट. पेन्शनसाठी प्रधानमंत्री श्रमयोगी मानधन योजनेत वेगळं नाव घालावं लागतं, तेही चाळिशीच्या आत. तुझ्या वयाला महिना १०० रुपये. तेवढेच केंद्र सरकार घालतं. साठीनंतर महिना ३,००० रुपये. आधार आणि स्वतःचं बँक खातं घेऊन सीएससी केंद्रात, म्हणजे सरकारी योजनांचे अर्ज भरून देणाऱ्या केंद्रात जा. स्वतःचं म्हणजे स्वतःचं, ह्यांच्या खात्यावर भागवू नकोस! हप्ता आपोआप कटतो, म्हणून गाव सोडण्याआधीच उचलीतले थोडे पैसे तिथं टाकून ठेव. त्याच खात्यावर वर्षाला २० रुपयांत अपघात विमा निघतो. अपघाती मृत्यू झाला तर वारसाला २ लाख. कोयता पायाला लागून टाके पडले, तर मात्र त्यातून काही मिळत नाही. आणि हो, रेशन कार्ड आधारला जोडलेलं असेल तर साखर कारखान्याकडच्या रेशन दुकानातही धान्य मिळतं.