गाडी जुनी असेल, मास्टर सिलिंडर तर नवा होता ना?

प्रश्न : वडिलांची १९८६ची प्रीमियर पद्मिनी मी हौसेने सांभाळतो. पुण्यातल्या एका गॅरेजने आठ महिन्यांत तीनदा ब्रेकचा मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब चाकांच्या ब्रेकपर्यंत पोहोचवणारा भाग) बदलला. दर वेळी दोन-अडीच महिन्यांत पेडल खाली बसतं. पहिला सिलिंडर मी आणून दिला होता, पुढचे दोन गॅरेजवाल्यांनी आणले. एकूण १४,५०० रुपये गेले. आता ‘जुन्या गाडीला गॅरंटी नसते’ म्हणतात आणि चौथं बिल भरल्याशिवाय गाडी सोडत नाहीत. मी नाशिकला राहतो. काय करू?

उत्तर : आधी गाडी सोडवा. दुरुस्तीची मजुरी थकली असेल तर गाडी अडवून ठेवण्याचा हक्क भारतीय करार कायद्याचं कलम १७० कारागिराला देतं. त्यामुळे तिथे आवाज चढवून उपयोग नाही. बिलावर ‘हरकत राखून रक्कम भरली’ असं लिहा, पैसे ऑनलाइन द्या आणि गाडी टो करून न्या. चालवत नेऊ नका. ब्रेक सदोष आहेत हे माहीत असताना गाडी रस्त्यावर काढली तर मोटार वाहन कायद्याचं कलम १९० तुमच्याच अंगावर येईल.

आता गॅरंटीबद्दल. गाडी चाळिशीची झाली म्हणून आज केलेलं काम कच्चं असलं तरी चालतं, असं ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ कुठेच म्हणत नाही. पैसे घेऊन केलेल्या कामातली कसूर म्हणजे सेवेतली त्रुटी. मात्र ती सिद्ध तुम्ही करायची, आणि इथेच बहुतेक तक्रारी लंगड्या पडतात.

तीन नवे सिलिंडर ओळीने जातात तेव्हा दोष सिलिंडरपलीकडे असण्याची शक्यता दाट. मी मेकॅनिक नाही, पण अशा प्रकरणांत एक गोष्ट पाहिली आहे. ‘ब्रेक ऑइल’ हे नावच फसवं. ते खनिज तेल नसतं. कुणी चुकून इंजिन ऑइल किंवा तसलंच काही टाकलं की आतले रबरी वॉशर फुगतात. मग नुसता मास्टर सिलिंडर बदलून भागत नाही. चाकांजवळच्या व्हील सिलिंडरचे किट, रबरी नळ्या सगळं बदलून ब्रेकची लाइन धुवावी लागते, नाहीतर उरलेलं तेल नव्या सिलिंडरलाही खातं. तुमच्याकडे असं झालंय का, हे दुसऱ्या जाणत्या मेकॅनिकने गाडी उघडून लेखी द्यावं. तसं निघालं तर मूळ कारण न शोधता तीनदा तोच भाग बदलला, हाच तुमच्या तक्रारीचा कणा. सामानच बनावट निघालं तर मात्र सुटा भाग विकणाऱ्या दुकानदारालाही प्रतिवादी करा. पहिला सिलिंडर तुम्हीच आणला होता, तेव्हा त्याच्या किमतीचा आग्रह धरू नका. त्यावर अडून बसलात तर बाकीचा मुद्दाही पातळ होईल.

काढलेले सिलिंडर गॅरेजकडे मागा. भंगारात टाकले म्हणाले तर तेही व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या. गरज वाटली तर ग्राहक आयोग याच ग्राहक कायद्याच्या कलम ३८ खाली भाग प्रयोगशाळेत तपासायला पाठवू शकतो, त्याचा खर्च आधी तुम्हाला भरावा लागेल.

पुण्याला खेपा घालायची गरज नाही. कलम ३४ प्रमाणे तुम्ही राहता तिथल्या, म्हणजे नाशिकच्या जिल्हा आयोगात तक्रार चालते. मोबदला पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क शून्य. मुदत दोन वर्षांची. त्याआधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. सक्ती नाही, पण निम्मे गॅरेजवाले तिथेच बोलणीला येतात.

एक जाता जाता : गाडीला पन्नास वर्षं झाली नाहीत, त्यामुळे ‘व्हिंटेज’ नोंदणीचा विचार आत्ता सोडा. आरसीचं पाच वर्षांचं नूतनीकरण चालू आहे ना, तेवढं पाहा.

आणि नव्या मेकॅनिकने लाइन रिकामी करण्याआधी ब्रेक ऑइलच्या टाकीतलं थोडं ऑइल काचेच्या स्वच्छ बाटलीत, त्याच्यासमोर काढून सील करा. खनिज तेल मिसळलं असेल तर बाटली स्थिर ठेवल्यावर ते वर तरंगतं. फोटो त्याच दिवशी घ्या.