कारल्याचं बी कुंडीतच कुजतंय, काय करू?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही नाशिकला राहतो, गच्चीवर थोडीफार भाजी लावते. उन्हाळी कारलं आणि दोडका हवा म्हणून जानेवारीत डायरेक्ट कुंडीत बी टोकलं, रोज पाणी घातलं पण उगवलंच नाही, उकरून बघितलं तर बी मऊ पडलेलं. बी खराब असेल का? मैत्रीण म्हणते आधी घरात मोड आण आणि मग लाव. चालतं का असं?

उत्तर : चालतं, अगदी बिनधास्त करा. बी खराब असेलच असं नाही हो, जानेवारीत नाशिकला रात्री पारा 10 अंशांच्या आसपास येतो, कधी त्याच्याही खाली, आणि कारल्याला उगवायला 25 ते 30 अंश ऊब लागते, मग माती गार, वर रोजचं पाणी आणि कारल्याचं कवच जाड, ते बी उगवायच्या आधीच कुजणार ना.

कारल्याच्या बीचं टोकाकडचं कवच नेलकटरने अगदी किंचित कापा, आतल्या गराला लागू देऊ नका. दोडक्याला याची गरज नाही. मग रात्रभर कोमट पाण्यात भिजवा. सकाळी सुती फडका ओला करून घट्ट पिळा, पिळल्यावर थेंबसुद्धा पडता कामा नये, कारण बीला पाण्याइतकीच हवा लागते आणि बहुतेकांचं इथेच चुकतं. त्यात बी गुंडाळून डब्यात, झाकण सैल, आणि डबा उबदार जागी, वायफायच्या राउटरवर ठेवला तरी चालतो. रोज उघडून बघा, बुळबुळीत झालेलं बी लगेच काढून टाका. दोडका चार-पाच दिवसांत फुटतो, कारलं आठवडाभर किंवा जास्तही घेतं, धीर धरा.

पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं असेल तर त्याला बुरशीनाशक लावलेलं असतं, त्याला हातमोजे घालूनच हात लावा आणि स्वयंपाकातलं भांडं, फडका, डबा काहीही वापरू नका प्लीज.

मटकीसारखे लांब मोड येऊ द्यायचे नाहीत. मूळ अर्धा सेंटीमीटर दिसलं की लावायचं, नाहीतर ते फडक्यात अडकून तुटतं. बाहेर गारठा असेपर्यंत कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कंपोस्ट भरलेल्या कागदी कपात, मूळ खाली करून दीड-दोन सेंटीमीटर खोल लावा आणि कप उन्हाच्या खिडकीत ठेवा. दोन खरी पानं (बीतून निघणाऱ्या पहिल्या जोडीनंतरची) आली आणि रात्रीची थंडी ओसरली की कप फाडून मातीसकट कुंडीत, वेलभाज्यांना मुळं दुखावलेली सोसत नाहीत.

गाजर-मुळ्याला मात्र हे करू नका, मूळ दुखावलं की वाकडी, फाटे फुटलेली गाजरं येतात. आणि जूनमध्ये माती उबदार असते तेव्हा दोडक्याला एवढा खटाटोप लागतच नाही, सरळ टोका.

बीबद्दल शंका असेलच तर उरलेल्यातली दहा बिया अशाच फडक्यात घालून बघा, निम्म्याही फुटल्या नाहीत तर नवीन पाकीट आणा.