कपाटाचं कुलूप आधी काढा

प्रश्न : आम्ही चंद्रपूरचे. मी कोळसा खाणीत नोकरीला आहे. मुलगी यंदा बारावी सायन्सला ८१ टक्के मिळवून पास झाली, सीईटीला ९२ पर्सेंटाइल आहेत. कॉम्प्युटरला कुठेतरी प्रवेश मिळेल, पण हवेतल्या धुळीवर संशोधन करायचं म्हणून ती अडून बसली आहे. गेल्या वर्षी बक्षिसाच्या पैशांतून तिने हवा मोजायचं लहान यंत्र मागवलं. स्वयंपाकघरात, झोपायच्या खोलीत ते ठेवून रोज वहीत आकडे लिहायची. आईला आधीच खोकल्याचा त्रास, त्यात फोडणी दिली की ही आकडा वाचून दाखवणार. परीक्षेच्या काळात मी ते यंत्र कपाटात कुलूपबंद केलं. धूळ मोजून कुणाचं पोट भरतं? मुलीची जात, लग्नाचंही बघायचं आहे. तुमचं ऐकेल, कृपया तिला समजवा. – एक पालक

उत्तर : नमस्कार. तिच्या मार्कांची मला काळजी वाटत नाही. त्या कुलपाची वाटते. परीक्षेसाठी यंत्र आत ठेवलंत, तेवढं समजू शकतो. पण परीक्षा झाली, निकाल लागला, तरी ते कपाटातच आहे. म्हणजे अडचण अभ्यासाची नव्हती. घरातली हवा खराब आहे हे रोज ऐकावं लागत होतं, ते तुम्हाला नको होतं.

आईंचा खोकला तर तुम्ही एका ओळीत उरकलात, तोही मुलीची तक्रार करता करता. ती फोडणीच्या वेळीच आकडा का वाचते, हे तिला कधी विचारलंत? मला तुमच्या पत्रावरून वाटतं, ती आईच्या खोकल्याचं कारण शोधते आहे. म्हणून करिअरचं थोडं थांबू द्या. आईंना छातीच्या डॉक्टरांकडे न्या. स्वयंपाकघरात एक्झॉस्ट फॅन नसेल तर याच आठवड्यात बसवा. धूर घराबाहेर फेकणाराच हवा, जाळीतून गाळून तीच हवा खोलीत परत सोडणारी चिमणी नको. रात्री डासांची कॉइल लावत असाल तर ती बंद करून मच्छरदाणी लावा. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एका कॉइलमधून ७५ ते १३७ सिगारेटींइतके सूक्ष्म कण बाहेर पडताना आढळले होते. यंत्र मुलीला परत द्या. फॅन बसवायच्या आधी आठवडाभर आणि नंतर आठवडाभर, त्याच जागी, त्याच वेळी तिला मोजू द्या.

धूळ मोजून पोट भरतं का, हे खाणीत काम करणाऱ्या माणसाने विचारावं याचं मला वाईट वाटलं. कोळशाची धूळ वर्षानुवर्षं फुप्फुसांत साठून न्यूमोकोनिओसिस हा फुप्फुसांचा आजार होतो. म्हणूनच कामगाराच्या श्वासाबरोबर आत जाणारी धूळ मोजणं कायद्याने बंधनकारक आहे. कुठला कण नाकात अडतो आणि कुठला फुप्फुसाच्या तळापर्यंत पोचतो, हे कुणीतरी खपून शोधलं तेव्हा तो नियम करता आला. तुमच्या मुलीला शिकायचं आहे ते हेच शास्त्र, फक्त तिची नजर घराकडे वळली आहे. घराकडे बघायला शास्त्रज्ञांनाही उशीर झाला. प्रदूषण म्हणजे शहर आणि कारखान्याचं धुराडं, अशीच समजूत होती. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला कर्क स्मिथ या अमेरिकी संशोधकाने भारतीय सहकाऱ्यांबरोबर गुजरातच्या खेड्यांत, चुलीपुढे बसणाऱ्या बायकांच्या अंगावर नमुने घेणारी यंत्रं लावून त्यांच्या श्वासातला धूर मोजला. चुलीच्या धुराकडे आज आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहिलं जातं, त्याच्या मुळाशी असं काम आहे.

आता एक गैरसमज, जो बहुधा तुमच्या मुलीचाही असेल. हवेवर काम करायचं म्हणजे ‘पर्यावरण’ नावाचीच पदवी घ्यायची, असं पुष्कळांना वाटतं. मी ती बारावीनंतर लगेच सुचवणार नाही. हवेत तरंगणाऱ्या कणांचा अभ्यास हा मुळात भौतिकशास्त्राचा आणि रसायनशास्त्राचा आहे. तिचं छोटं यंत्र धुळीचं वजन करत नाही. कणांवरून प्रकाश किती विखुरतो, त्यावरून ते अंदाज बांधतं. पावसाळ्यात हे कण पाणी शोषून फुगतात, मग आकडा खऱ्यापेक्षा चढा दिसतो. उलट ०.३ मायक्रॉनहून (एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लहान कण अशा यंत्राला जवळजवळ दिसतच नाहीत, आणि गॅसच्या ज्योतीतून, तळणातून निघणारे असंख्य कण त्याहून बारीक असतात. शिवाय पीएम २.५ मधले, म्हणजे २.५ मायक्रॉन किंवा त्याहून बारीक धुळीतले, बरेच कण कुठल्याच धुराड्यातून थेट आलेले नसतात. वीज केंद्राचा सल्फर डायऑक्साइड आणि शेतातला, गोठ्यातला अमोनिया यांच्यापासून ते हवेतच तयार होतात. हे उलगडायला गणित आणि संख्याशास्त्र पक्कं लागतं. तेव्हा पदवीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा केमिकल इंजिनीअरिंग. प्रोग्रॅमिंग तिने आवर्जून शिकावं, म्हणजे तुमचा कॉम्प्युटरही वाया जात नाही.

पुढची वाट माहितीची आहे : बी.एस्सी.नंतर एम.एस्सी.साठी जॅम किंवा इंजिनीअरिंगनंतर एम.टेक.साठी गेट या प्रवेश परीक्षा, मग संशोधनाची शिष्यवृत्ती (जेआरएफ) देणारी नेट परीक्षा आणि पीएच.डी. या विषयासाठी परदेशातच जावं लागतं असंही नाही. नागपूरची नीरी ही पर्यावरण अभियांत्रिकीची राष्ट्रीय संशोधन संस्था तुमच्या शेजारी आहे. पुण्यात पाषाणला आयआयटीएम ही हवामानशास्त्राची संस्था आहे, मुंबईच्या आयआयटीत पर्यावरण अभियांत्रिकीचा विभाग आहे.

पैशाबद्दल स्पष्ट सांगतो. पीएच.डी. हाती येईपर्यंत नऊ-दहा वर्षं जातील. जेआरएफला २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि नियमाप्रमाणे घरभाडं मिळतं, पण संशोधन संस्थांत कायम जागा कमी असतात आणि त्यासाठी चुरस मोठी असते. एम.टेक.वर थांबली तर प्रदूषण नियंत्रण मंडळं, पर्यावरण सल्लागार कंपन्या, फिल्टर आणि मोजणीची यंत्रं बनवणारे उद्योग आहेत. २०१९ साली केंद्राने राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला, त्याच्या शहरांच्या यादीत चंद्रपूरही आहे. शहरातली धूळ नेमकी कुठून येते हे शोधणारी माणसं अशा कामाला लागतात. सॉफ्टवेअरसारखा पगार सुरुवातीला मिळणार नाही, हे मुलीलाही ऐकवा.

लग्नाबद्दल एवढंच, की बारावी झालेल्या मुलीचा विषय स्थळं बघून ठरवू नका.

तिला समजवायचं काम मी घेणार नाही. तिने मला विचारलं तर केमिकल आणि भौतिकशास्त्र यांतलं काय निवडायचं, यावर मी तिच्याशी जरूर बोलेन. ९२ पर्सेंटाइलवर केमिकलला काही चांगली कॉलेजं मिळू शकतील, तेव्हा गेल्या वर्षीचे कटऑफ दोघांनी मिळून बघा. कॅपचा (केंद्रीय प्रवेश फेरीचा) ऑप्शन फॉर्म मात्र तिलाच भरू द्या.