‘मीपणा सोडा’ म्हणतात, मग जामिनाच्या कागदावर सही कोणी करायची?

सोलापूरच्या पूर्व भागातले एक गृहस्थ, वय चौतीस. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) घरचे टॉवेलचे आठ यंत्रमाग. धाकट्या भावाला कर्ज काढून आणखी माग घ्यायचे होते, जामीनदार म्हणून यांची सही हवी होती. यांना मनातून ती करायची नव्हती. मित्र म्हणे, “आधी स्वतःसाठी जग.” सत्संगात ऐकलेलं, “मीपणा सोडा.” तीन आठवडे झोप नाही, छातीत जळजळ. विचारलं ते असं : “सर, नको म्हणणारा हा मी खरा, की तोच माझा अहंकार?”

असा प्रश्न घेऊन समुपदेशनाला बरेच जण येतात. एका ‘मी’त दोन निराळे प्रश्न कोंबले की ही ओढाताण होते. शरीर, प्राण, मन, बुद्धी हे सगळं ज्याला जाणवतं तो कोण, हा उपनिषदांचा शोध. तैत्तिरीय उपनिषदातले पाच कोश, म्हणजे माणसाचे एकात एक असलेले पाच थर, त्याच वाटेवरचे. असा कायमचा ‘मी’ कुठेच हाती लागत नाही, असं बुद्धाचं म्हणणं. यातलं काहीही कर्जाच्या कागदाबद्दल नाही. या माणसाला काय हवंय आणि तो काय ठरवतो, हे पश्चिमेकडचं मानसशास्त्र विचारतं. तरी ‘पूर्वेचा मी सोडायचा, पश्चिमेचा जोपासायचा’ ही वाटणी कच्चीच. १७३९ साली स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमने आत डोकावून पाहिलं, तर त्यालाही नुसत्या येत्या-जात्या जाणिवा दिसल्या, त्यांचा मालक दिसला नाही.

पहिल्या भेटीत कून आणि मॅकपार्टलंड या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांची १९५४ची चाचणी दिली. ‘मी कोण?’ याची वीस उत्तरं, बारा मिनिटांत, सुचतील तशी. चौदा उत्तरं नात्यांची निघाली : आईचा थोरला, भावाचा दादा, दोन मुलींचा बाप. गृहस्थांचा चेहरा पडला. “म्हणजे माझं स्वतःचं काहीच नाही.” इथे समुपदेशकाने मान डोलावली की खेळ बिघडला. मार्कस आणि कितायामा या मानसशास्त्रज्ञांनी १९९१मध्ये मांडलं तेच समोर होतं : अनेक आशियाई समाजांत माणसाचा स्व नात्यांत विणलेला असतो. ती त्याची घडण आहे, उणीव नाही.

म्हणून दुसऱ्या भेटीत तोच कागद, पण प्रसंग जोडून. “घरी मी…”, “मागावर मी…”, “मित्रांत मी…”, “भावासमोर मी…”, प्रत्येकी पाच ओळी. जपानी विद्यार्थ्यांना असा प्रसंग दिल्यावर ते स्वभावाबद्दल जास्त लिहू लागले, हे १९८९च्या अभ्यासात दिसलं होतं. इथेही तसंच झालं. मागावर : “हिशेबाला पक्का. आवाजावरून बिघाड ओळखतो.” भावासमोर : दोन ओळी कोऱ्या, मग एकच शब्द, “घाबरलेला”.

मीपणा खरोखर सुटतो तेव्हा मन हलकं होतं. इथे जळजळ वाढत होती. भीतीलाच वैराग्य म्हटलं जात होतं. शिवाय सहीची भीती निराधार नव्हती. करार कायदा, १८७२, कलम १२८ : वेगळं ठरलेलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच.

तिसऱ्या भेटीत वाक्य बांधलं. नुसतं “मला नको” त्या घरात भांडणच ठरलं असतं, म्हणून नकार नात्यातूनच काढला : “थोरला म्हणून सांगतो, सही करणार नाही. सगळं घर एका कर्जात अडकवायचं नाही. दोन जुने माग विकून एक चांगला घे, हिशेब मी बघतो.” पाच वेळा मोठ्याने म्हणून घेतलं, तिसऱ्यांदाही आवाज “सही” या शब्दावर अडकत होता. आधी आईला सांगायचं, भावाशी सुट्टीच्या सकाळी बोलायचं आणि “बघू” हा शब्द अजिबात वापरायचा नाही, असं ठरलं.

भाऊ आठवडाभर बोलला नाही. मग जुन्या मागांना काय भाव येईल, ते विचारायला आला.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. आरशातला चेहरा परका वाटणं, स्वतःकडे बाहेरून पाहतोय असं दिवसेंदिवस वाटत राहणं, याला कोणी ‘मी गळून पडला’ म्हणत असेल तर साधना वाढवू नका, मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.