काचेवरची चिकचिक: चीक, डिंक आणि वाचकांचे प्रश्न

झाडाखाली गाडी लावणाऱ्यांची पत्रं या महिन्यात एवढी आलीत की बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात घेऊ. सगळ्यांची तक्रार साधारण एकच, काचेवर काहीतरी चिकट पडतं, घासलं तर चरे पडतात, नाही घासलं तर दिसत नाही.

प्रश्न: दादा, सोसायटीत कव्हर्ड पार्किंग मिळालं नाही त्यामुळे गाडी आंब्याखाली लागते. सध्या मोहोर आलाय आणि रोज सकाळी पुढच्या काचेवर बारीक बारीक चिकट ठिपके असतात. वायपर मारला की सगळं फासलं जातं आणि रात्री समोरच्या गाडीचा लाईट पडला की काही म्हणजे काही दिसत नाही. झाडाचा चीक काढायला एक जण थिनर सांगतो, दुसरा टूथपेस्ट. नक्की काय वापरू? (कोथरूड, पुणे)

उत्तर: दोन्ही नको. आणि मुळात तुमच्या काचेवर पडतंय तो झाडाचा चीक असण्याची शक्यता कमीच आहे. आंब्याला मोहोर आला की त्यावर तुडतुडे बसतात, मोहोरातला रस ओढतात आणि जास्तीचं गोड पाणी मागच्या बाजूने सोडून देतात, ते खाली तुमच्या काचेवर. म्हणजे ही सगळी साखर आहे हो! कोकणातल्या कुठल्याही बागायतदाराला विचारा, मोहोर चिकट झाला आणि पानं चमकायला लागली की तो फवारणीच्या तयारीला लागतो. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते. विदर्भातले संत्रेवाले जिला कोळशी म्हणतात ना, तिथे किडा वेगळा, काळी माशी, पण प्रकार हाच. मुंबईकरांनो, तुमच्या पर्जन्यवृक्षांना पिठ्या ढेकूण लागतात तेव्हा खालच्या गाड्यांवर पडतं तेही हेच.

आता साखर म्हटल्यावर ती पाण्यात विरघळणार, थिनरचं तिथे काही काम नाही. थिनर काचेला काही करणार नाही पण ओघळून बॉनेटच्या रंगावर आणि काचेच्या कडेच्या रबरावर गेला की तिथे काम वाढवून ठेवेल.

तर असं करा. सकाळी, गाडी सावलीत आणि काच गार असताना, वायपर उचलून उभे करा आणि आधी नुसतं पाणी ओता, भरपूर, हात न लावता. ही पायरी लोक हमखास खातात आणि खरे चरे इथेच पडतात, कारण काचेला चरा त्या चिकट थेंबाने पडत नाही, त्यात अडकलेल्या धुळीने पडतो. आपल्या रस्त्याच्या धुळीत वाळूचे बारीक कण असतात, ते क्वार्ट्झ, कठीणपणाच्या मोह मापावर 7, आणि काच साधारण साडेपाच. तुम्ही कितीही मऊ फडकं घ्या, त्याच्याखाली वाळू असेल तर ते पॉलिश पेपरच झालं.

मग एक जुना सुती टॉवेल कोमट पाण्यात भिजवून, न पिळता, काचेवर अंथरा आणि दहा-पंधरा मिनिटं चहा प्यायला जा. वाळला तर परत पाणी मारा. कोमट म्हणजे हात बुडवता येईल इतपत, उकळतं पाणी अजिबात नको, काचेला कुठे खडी लागून छोटा टवका उडालेला असेल तर तिथून तडा पळतो. टॉवेल ओढून काढायचा नाही, उचलून घ्यायचा. त्यानंतर कार शॅम्पूचं पाणी आणि मायक्रोफायबर, चार घड्या करून, एक बाजू मळली की दुसरी बाजू, वरून खाली सरळ. गोल गोल घासायची सवय सोडा. शेवटी वायपरचं रबर ओल्या फडक्याने पुसा, दोन-तीनदा, फडक्यावर काळी रेघ यायची थांबेपर्यंत. हे राहिलं तर पहिल्याच फेऱ्यात सगळी चिकचिक परत काचेवर.

आणि सकाळी घाईत कोरडा वायपर मारू नका, आधी वॉशरचं पाणी नीट उडवा.

प्रश्न: मामांकडून चार फणस टपावर बांधून आणले. वाटेत देठाचा चीक मागच्या काचेवर ओघळला, आता वाळून रबरासारखा झालाय. गरम पाण्याने ढिम्म हललं नाही. ब्लेडने काढू का? (कुडाळ)

उत्तर: ब्लेड ठेवा खाली आणि आजीला विचारा! फणस फोडताना हाताला आणि विळीला काय लावता? तेल. मग काचेला का नाही?

फणस, वड, पिंपळ, उंबर, रुई यांचा तो खरा चीक, दुधासारखा निघतो आणि वाळला की त्याचं रबर होतं. पाण्याने तो सुटत नाही. आधी धूळ धुवून घ्या, मग खोबरेल तेलात कापसाचा बोळा भिजवून ओघळावर चिकटवून ठेवा, अर्धा तास तरी. कडा मऊ पडल्या की अंगठ्याने एका टोकाकडून गुंडाळत आणा, बराचसा वळकटी होऊन येतो. जे चिकटून राहील त्याला जुनं प्लास्टिकचं एटीएम कार्ड, आडवं धरून, खाली तेल असतानाच. तरी डाग उरला तर रंगाच्या दुकानातलं टर्पेंटाइन फडक्यावर घ्या, काचेवर ओतू नका, रबर बीडिंग आणि रंगापासून दूर ठेवा, आणि जवळपास विडी-काडी नको. सगळ्यात शेवटी साबणाच्या पाण्याने दोनदा धुवा, नाहीतर तेलाचा थर राहतो आणि पाऊस पडला की काच धुरकट दिसते.

ब्लेडला नको म्हटलं त्याचं कारण असं की पुढची काच लॅमिनेटेड असते, दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर, पण बाजूच्या आणि मागच्या काचा सहसा टफन्ड असतात. टफन्ड काच भट्टीतून येते तेव्हा कधीकधी तिच्या पृष्ठभागावर काचेचेच सूक्ष्म कण चिकटून बसतात. डोळ्यांना दिसत नाहीत, ब्लेड फिरवलं की एखादा सुटतो आणि ब्लेडखाली फरफटत जातो, लांबच लांब चरा. तुमचं ब्लेड कितीही कोरं असो.

जाता जाता, आंब्याच्या देठाचा चीक हा वेगळाच प्राणी आहे. तोडल्या तोडल्या जो फवारा उडतो तो तेलकट आणि जहाल असतो, कातडी भाजते हे तुम्हाला सांगायला नको. काचेला त्याचं काही नाही पण रंगावर उडाला तर घरी जाईपर्यंत थांबू नका, तिथेच पाण्याने धुवा.

प्रश्न: गाडी पुसणाऱ्या मुलाने साइड मिररवरचा वाळलेला चीक भांड्याच्या हिरव्या स्क्रबरने काढला. चीक गेला पण आरशावर जाळं दिसतंय. टूथपेस्टने जाईल का? (ठाणे)

उत्तर: नाही जाणार. त्या हिरव्या स्क्रबरमध्ये बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, काचेपेक्षा कितीतरी कठीण. टूथपेस्ट पण घासणारीच वस्तू, ती जाळं घालवायचं सोडून आरसा अजून मंद करेल. मुलावर चिडू नका, एका बादलीत आणि एका फडक्यात अख्खी सोसायटी पुसायची म्हटल्यावर तो तरी काय करणार, त्याला एक मायक्रोफायबर तुमच्याकडून द्या आणि आरशाला हात लावू नको म्हणून सांगा.

आरशाचं गणित काचेपेक्षा नाजूक आहे. काही आरशांवर बाहेरच्या बाजूलाच क्रोमचा किंवा पाणी न ठरणारा पातळ थर असतो, तो खरवडला की गेला. पाठीमागे मुलामा असलेल्या आरशात कडेने पाणी किंवा केमिकल शिरलं की कडा काळ्या पडत जातात. म्हणून स्प्रे नेहमी फडक्यावर मारायचा, आरशावर नाही. ओला कापूस डागावर चिकटवून ठेवायचा आणि भिजल्यावर नुसता टिपायचा. दाबून तर अजिबात पुसू नका, आतली काच प्लास्टिकच्या क्लिपांवर बसवलेली असते, एका कोपऱ्यावर जोर पडला की ती खटकन बाहेर येते आणि मोटरवाला आरसा असेल तर आतली यंत्रणा पण जाऊ शकते.

आता तुमच्या जाळ्याचं. नखाला चरा लागत नसेल आणि नुसता धुरकटपणा असेल तर काचवाले सेरियम ऑक्साइडने पॉलिश करतात, पण आरशासाठी तो उपद्व्याप मी करणार नाही. बऱ्याच गाड्यांना नुसती आरशाची काच वेगळी मिळते, पूर्ण असेंब्ली घ्यायची गरज नसते. पार्टवाल्याला ठासून विचारा, कारण तो आधी असेंब्लीच दाखवणार.

प्रश्न: आम्ही न्यू जर्सीला असतो, ड्राइव्हवेवर पाइनचं झाड आहे. काचेवर पिवळसर टणक मण्यासारखे थेंब. तुमच्या कॉलममधलं कोमट पाणी, तेल सगळं करून झालं. (एक वाचक)

उत्तर: तुमच्याकडची ती राळ, हाताला टर्पेंटाइनचा वास येत असेल बघा. पाणी तिला ओळखत नाही, अल्कोहोल ओळखतं. तिथल्या फार्मसीत 70 किंवा 91 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल सहज मिळतं, 91 वालं घ्या. धुवून कोरडी केलेली काच, कापूस भिजवून थेंबावर ठेवा, दोन-तीन मिनिटांनी परत भिजवा कारण ते उडून जातं, थेंब मधासारखा झाला की टिपून घ्या. पसरवू नका, पसरली की डबल काम. उन्हात करायला गेलात तर अल्कोहोल टिकणारच नाही.

भारतातल्या वाचकांना हे आयसोप्रोपिल अल्कोहोल (आयपीए) मोबाइल रिपेअरिंगच्या सामानाच्या दुकानात मिळेल, नाहीतर घरात उरलेला हँड सॅनिटायझर. जेल असल्यामुळे तो उभ्या काचेवर टिकतो, ते बरंच. फक्त नंतर धुवा, त्यातल्या ग्लिसरीनचा ओशटपणा राहतो. हेडलाइट आणि रिव्हर्स कॅमेऱ्याला यातलं काही लावू नका, ते प्लास्टिक आहे.

प्रश्न: बाभळीचा डिंक काचेवर वाळून खडा झालाय, काय लावू? (जत)

उत्तर: पाणी. लाडवातला डिंक तळायच्या आधी भिजवला तर काय होतं तेच इथे होणार. ओला कपडा ठेवा, दर थोड्या वेळाने पाणी शिंपडा, तासाभराने निघेल. उकरू नका.

प्रश्न: पुढच्या काचेवर तरी ब्लेड चालतं का? आणि पेट्रोलने पुसलं तर? मेकॅनिक म्हणतो एका मिनिटात साफ. (नाशिक)

उत्तर: पुढच्या काचेवर, बाहेरून, बाकी सगळं करून थकलात तर. कोरं करकरीत ब्लेड होल्डरमध्ये, काच साबणाच्या पाण्याने निथळती ओली, ब्लेड जवळजवळ आडवं आणि फक्त पुढे ढकलायचं, मागे ओढायचं नाही. काचेवर कसलं कोटिंग करून घेतलं असेल तर तेही नाही. पेट्रोल नको. वाफ पेट घेते, रबर फुगतं, आणि काचेवर जो पट्टा उरतो तो शेवटी शॅम्पूनेच काढावा लागतो.